रांजण भरणाऱ्याचं काय?

पत्र :

ताई, नमस्कार. मी मानेवाडा रोडला राहतो, मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरीला आहे. वय ३६. २०१७ साली वडिलांच्या मित्राच्या साप्ताहिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणायचे होते. सगळे कृतिदेवमध्ये टाइप केलेले. तेव्हा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये घालता येईल असा तयार कोड, मी लिहिली आणि कोणालाही मोकळेपणाने वापरू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकली. आज ती प्रकाशक वापरतात, जुनी रेकॉर्डं स्कॅन करणारे ठेकेदार वापरतात, पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या वापरतात. माझी स्वतःची कंपनीही एका प्रोजेक्टात वापरते. मी रोज रात्री ११ ते १ बसून इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, सोडवतो. दोन वर्षांपासून यवतमाळची एक मुलगी जवळपास निम्मं काम करते. ती एमसीए करतेय, प्रत्यक्ष भेट एकदाच झाली.

गेल्या महिन्यात एका कंपनीचा मेल आला : सोमवारी क्लायंटकडे गो-लाइव्ह आहे, २४ तासांत दुरुस्ती हवी. त्या दिवशी माझ्या मुलीचा वाढदिवस होता. मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसलो. दुरुस्ती दिली. 'मिळाली' एवढंही उत्तर आलं नाही. बायको म्हणाली, "लोकायच्या घरी दिवे लावता, अन् आपली पोरगी बापाविना केक कापते."

वाटतं, सगळं डिलीट करून टाकावं. किंवा परवानाच बदलावा, पैसे भरल्याशिवाय कंपन्यांना वापरताच येऊ नये. पण पैसे मागणं ही ओपन सोर्सशी, कोड सगळ्यांना खुला ठेवण्याच्या तत्त्वाशी, बेइमानी होईल का? डोनेशनचं बटण लावून पाहिलं, दीड वर्षात २,३०० रुपये आले. आणि पैसे आलेच, तर त्या मुलीला किती द्यायचे, कसं सांगायचं, तेही सुचत नाही.

— एक थकलेला मेंटेनर, नागपूर

उत्तर :

भाऊ, त्या रात्रीपासूनच सुरुवात करते. सोमवारची मुदत कोणी कोणाला दिली होती? त्या कंपनीने तिच्या क्लायंटला. त्या शब्दाचे पैसे कोणाला मिळाले? त्या कंपनीला. आणि शब्द पाळला कोणी? तुम्ही, आतल्या खोलीत बसून, बाहेर मेणबत्त्या विझत असताना. एमआयटी परवाना तुम्ही स्वतः निवडला आहे, एकदा पुन्हा वाचा. तो जेमतेम एक पान आहे आणि त्यातला मोठ्या अक्षरांतला भाग सांगतो की हे सॉफ्टवेअर 'जसं आहे तसं' दिलेलं आहे, कुठल्याही हमीशिवाय. म्हणजे २४ तास तर सोडाच, २४ महिन्यांतही दुरुस्त करून देण्याचं बंधन तुमच्यावर कधी नव्हतं. तुम्ही कोड दिलात. स्वतःला दिलेलं नाही. हे दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि तुमच्या पत्रातला सगळा त्रास ते एकमेकांत मिसळल्यामुळे झालाय.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दर अक्षय्य तृतीयेला पाणपोई सुरू व्हायची. दोन मोठे रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं लाल कापड, लांब दांड्याचा पितळी ओगराळा. उद्घाटनाला वर्गणी भरपूर यायची. मांडव, फलक, हार, फोटो. रांजण भरणाऱ्या काकांना त्या दिवशी शेला आणि नारळ मिळायचा. आणि मे महिन्याच्या मध्यावर, नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना, रांजण कोरडे. कारण पहाटे उठून रांजण घासायचे, विहिरीवरून दिवसाला वीसेक घागरी आणायच्या, कापड ओलं ठेवायचं, या कामासाठी कोणी वर्गणी दिलेलीच नसायची. मी नववीत असताना माझ्या वडिलांनी वही घेतली आणि ज्या दुकानांची गिऱ्हाइकं ते पाणी प्यायची, फक्त त्याच दुकानांत गेले. म्हणाले, पुण्य राहू द्या, तुमचं गिऱ्हाईक उन्हात टिकतं ते या पाण्यावर, काकांचा महिन्याचा पगार आपण अकरा जणांनी वाटून घेऊ. नऊ जणांनी दिला. त्या वर्षी रांजण पावसापर्यंत भरलेले होते. पाणी मात्र पूर्वीसारखंच कोणालाही मोफत, भर दुपारी थांबणाऱ्या रिक्षावाल्यालाही.

तुमच्या लायब्ररीला नेमकी ती वही हवी आहे.

बेइमानीचं विचारलंत. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दामुळे चाळीस वर्षं घोळ चाललाय. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत, मुक्त आणि फुकट, तरी आपण मुक्तचा अर्थ फुकट असाच लावून बसलो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे ईमॅक्स या आपल्या एडिटर प्रोग्रामच्या टेप्स १५० डॉलरला विकून त्यावर गुजराण केली. ज्या माणसाने ही चळवळ उभी केली त्याला टेप विकण्यात काही वावगं वाटलं नाही, कारण टेप घेणाऱ्याला कोड वाचायची, बदलायची, पुढे वाटायची पूर्ण मुभा होती. मुक्त म्हणजे ती मुभा. तुमच्या झोपेचा त्यात उल्लेख नाही.

डोनेशनच्या बटणाने मन खट्टू करून घेऊ नका. ओपनएसएसएल हे नाव तुम्हाला सांगायला नको. इंटरनेटवरच्या सर्व्हरांच्या फार मोठ्या हिश्श्याची कुलूपकिल्ली ज्या कोडच्या हातात होती, त्या प्रकल्पाला २०१४ पर्यंत देणग्या किती यायच्या? वर्षाला साधारण दोन हजार डॉलर. त्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचं त्या कोडमधलं सुरक्षेचं भगदाड उघडकीला आलं, जगभर धावपळ झाली, आणि मग लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठमोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांसाठी दरवर्षी प्रत्येकी लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. पैसा होता. आधीही होता. फक्त देणगीच्या पेटीत तो पडत नाही.

का पडत नाही, हे मी आतून पाहिलंय. मी ज्या एका कंपनीत दहा वर्षं होते, तिथे आमचं अख्खं प्रॉडक्ट एका माणसाने सांभाळलेल्या लायब्ररीवर उभं होतं. मी म्हटलं, याला वर्षाला काही तरी देऊ या. कोणी नाही म्हणालं नाही. अकाउंट्सने एकच विचारलं : कोणत्या हेडखाली टाकू? देणगी म्हटलं तर ८०जीची पावती हवी. लायसन्स म्हटलं तर लायसन्स फुकट आहे. पंधरा दिवस कागद फिरला आणि टेबलावर मेला. त्याच आठवड्यात ऑफिसच्या एसीच्या एएमसीचं बिल एका सहीत पास झालं. ते बिल पाहून माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तोवर उशीर झाला होता. त्या माणसाने प्रकल्प अर्काइव्ह करून टाकला. पुढचे चार महिने आमचे तीन इंजिनिअर त्याचं काम शिकत बसले. ते तीन पगार कोणत्या हेडखाली गेले, हे मात्र कोणी विचारलं नाही.

तेव्हा भाऊ, कंपनीच्या खरेदी खात्याला देणगी समजत नाही, बिल समजतं. आणि एएमसी हा शब्द तर लिफ्टवाल्यापासून वॉटर प्युरिफायरवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना शिकवून ठेवलाय. तुम्ही एएमसी द्या. वार्षिक देखभाल करार. कोड आहे तसाच मुक्त, करार तुमच्या वेळेचा.

पुढच्या वेळी '२४ तासांत' असा मेल आला की हे उत्तर पाठवा. मी लिहूनच देते, हवं तर जसंच्या तसं वापरा :

"नमस्कार. तुमचा इश्यू पाहिला. ही लायब्ररी वापरायला, बदलायला, तुमच्या प्रॉडक्टात घालून विकायला तुम्ही मोकळे आहात, त्यासाठी तुम्ही आमचं काही देणं लागत नाही. ती कुठल्याही हमीशिवाय दिलेली आहे. ठरलेल्या मुदतीत उत्तर आणि दुरुस्ती हवी असेल, तर वार्षिक देखभाल करार करता येईल; मसुदा आणि दर सोबत जोडले आहेत. करार नको असेल तर इश्यू रांगेत राहील आणि सवडीने पाहिला जाईल. तुमच्याकडच्या कोणी दुरुस्ती करून पुल रिक्वेस्ट पाठवली, तर आनंदाने तपासून घेऊ."

यात एकही शब्द रागाचा नाही, एकही अजिजीचा नाही. असं उत्तर देणारे तुम्ही पहिले नसाल. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं टूल सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांना जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीचा मेल आला. लॉगफोरजे या दुसऱ्याच एका लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भगदाडाचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. प्रश्नांची यादी होती आणि २४ तासांत उत्तरं द्या असा हुकूम. गंमत म्हणजे कर्लमध्ये लॉगफोरजे वापरलेलंच नाही. त्यांनी शांतपणे कळवलं की सपोर्टचा करार झाला की लगेच सगळी उत्तरं देतो. ते २०१९ पासून वुल्फएसएसएल या कंपनीत कर्लचंच काम पूर्ण वेळ करतात, आणि त्यांचं घर चालतं ते अशा करारांवर. एसक्यूलाइट या डेटाबेसचंही पाहा. ते तर कुठल्या परवान्याखालीही नाही, सरळ सार्वजनिक मालकीचं आहे, तरी त्याच्या कन्सॉर्टियमचे सदस्य पैसे भरतात, कारण अडचण आली की ज्यांनी ते लिहिलंय तीच माणसं त्यांना फोनवर हवी असतात.

आता दर. इथे आपली मराठी माणसं हमखास कच खातात, म्हणून हिशेबच मांडते. समजा तुमचा पगार वर्षाला १२ लाख. वर्षाचे कामाचे तास दोन हजार धरले तर तासाला ६०० रुपये पडले. पण त्या ६०० मागे कंपनी तुमची रजा, पीएफ, विमा, वीज, खुर्ची असं बरंच काही सोसते, ते सगळं तुमच्या आतल्या खोलीत तुम्ही सोसता. म्हणून बाहेरच्या कामाचा दर त्याच्या दोन-अडीच पट असणं रास्त आहे. १,५०० धरा. तुम्ही रोज दोन तास बसता, तरी कमीत कमी आठवड्याला ८ तासच धरा, वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे ४०० तास. झाले ६ लाख. तुमच्या 'फुकट' लायब्ररीचा खरा वार्षिक खर्च हा आहे, आणि गेली कित्येक वर्षं तो तुम्ही, तुमची बायको, तुमची मुलगी आणि यवतमाळची ती मुलगी मिळून भरताय. हा आकडा रीडमीमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या माहितीपानावर, वर लिहा : ही लायब्ररी चालू ठेवायला वर्षाला इतके तास लागतात, त्याची किंमत इतकी, या वर्षी त्यातले इतके आले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. सहा कंपन्यांनी प्रत्येकी लाखाचा करार केला की वही मिटली. एक लाख म्हणजे त्यांच्या एका नवख्या इंजिनिअरचे दोन-तीन महिने.

पहिल्या वर्षी सहा येणार नाहीत. दोन आल्या तरी खूप आलं. दोनच आल्या तर तास कमी करा, आठाचे तीन. रीडमीत लिहा की इश्यू फक्त रविवारी सकाळी १० ते १ पाहिले जातात. रात्री ११ नंतर गिटहबची नोटिफिकेशनं बंद. हे पैसे येण्याआधीच करायचं आहे, आजच. तुमच्या बायकोला दिलेलं ते पहिलं उत्तर असेल.

कोणाकडून घ्यायचं नाही, तेही ठरवून टाका. साप्ताहिकं, गावातली वाचनालयं, शाळा, स्वतःच्या आजोबांची वही युनिकोडमध्ये आणणारा नातू, यांच्याकडून काही नाही. आणि पैसे देणाऱ्याला काय विकायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. केलेली दुरुस्ती सगळ्यांसाठीच रिलीज होईल, करारवाल्यांसाठी वेगळी गुप्त आवृत्ती निघणार नाही. लायब्ररीत काय यावं, काय येऊ नये, हे करारवाला ठरवणार नाही. त्याला रांगेत पुढची जागा मिळते आणि उत्तराची मुदत मिळते, इतकंच. या रेषा कराराच्या कागदात घाला, म्हणजे एखादा मोठा गिऱ्हाईक डोक्यावर बसू पाहील तेव्हा बोट ठेवायला ओळ असेल.

परवाना बदलायचा विचार सोडा, निदान या लायब्ररीपुरता. आजवर एमआयटीखाली जे दिलंत ते लोकांकडे आहेच, ते परत घेता येत नाही. कंपन्या शेवटची जुनी आवृत्ती धरून बसतील किंवा तिचीच नवी शाखा काढतील. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये परवाना आवळला. त्यांच्याकडे कंपनी होती, वकील होते, पैसा होता. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वॅल्की नावाचा फोर्क, म्हणजे अशीच वेगळी शाखा, निघाला, त्याच्यामागे अ‍ॅमेझॉन आणि गूगल उभे राहिले, आणि मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एजीपीएलचा मुक्त पर्याय दिला, म्हणजे बदल करून सेवा चालवणाऱ्याला तो बदललेला कोडही खुला करायला लावणारा परवाना. तुमच्याकडे वकीलही नाही. शिवाय त्या मुलीने तिचं काम दिलंय ते 'हे सगळ्यांसाठी मोकळं आहे' या भरवशावर, तो तिला न विचारता मोडायचा नसतो. उद्या याच लायब्ररीवर काही नवं बांधाल, स्कॅन केलेली पानं टाकली की शोधता येणारा मजकूर देणारी सेवा वगैरे, तेव्हा त्या नव्या कामाला पहिल्या दिवसापासून एजीपीएल लावायला तुम्ही मोकळे आहात. आपल्याच मुंबईची फ्रॅपे कंपनी पाहा : तिचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली पूर्ण मुक्त आहे आणि कंपनी चालते ती ते होस्ट करून देण्यावर आणि सेवेवर.

डिलीटचं तर नावच काढू नका. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या तयार कोडच्या भांडारावरून लेफ्टपॅड नावाचा अवघ्या ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने रागाने काढून घेतला आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे हजारो बिल्ड, म्हणजे प्रोग्राम बांधायची कामं, कोसळले. काही तासांत एनपीएमने तो परत बसवला. लेखकाला जे म्हणायचं होतं ते त्या गोंधळात विरून गेलं. तुमच्या बाबतीत भरडले जाणार कोण? कंपनी दुपारपर्यंत जुनी प्रत शोधून काढेल. वडिलांच्या मित्राच्या साप्ताहिकाला ती सापडणार नाही.

अनुदानांबद्दल थोडक्यात. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केलाय, वर्षाला १० लाख डॉलरचा, एका प्रकल्पाला १० हजारांपासून लाख डॉलरपर्यंत. त्यासाठी तुमच्या रिपॉझिटरीत किंवा संकेतस्थळावर ठरावीक साच्यातली एक फंडिंगची फाइल ठेवावी लागते. फॉस युनायटेड ही ओपन सोर्ससाठी काम करणारी संस्थाही भारतीय प्रकल्पांना अनुदानं देतं. नेदरलँड्सची एनएलनेट संस्था ५ ते ५० हजार युरोंपर्यंत देते. अर्ज जरूर करा, पण एखाद्या आखीव कामासाठी : चाचण्यांचा पूर्ण संच, दस्तऐवज, राहून गेलेले फॉन्ट. अनुदान म्हणजे उद्घाटनाची वर्गणी, नवे रांजण त्यातून घ्यावेत. रोजच्या घागरी करारातूनच येतील.

हे सगळं करायच्या आधी एक कागद काढा : तुमचं नेमणूकपत्र. त्यात दुसरं उत्पन्न घेण्याबद्दल आणि तुम्ही लिहिलेल्या कोडच्या मालकीबद्दल काय म्हटलंय ते नीट वाचा, आणि एचआरकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी नको. बोलायला गेलातच आहात, तर आणखी एक मागा. तुमची कंपनी ही लायब्ररी वापरते ना? मग आठवड्यातले चार तास ऑफिसच्या वेळेत हे काम करू द्या म्हणावं. हा सगळ्यात स्वस्त करार आहे आणि त्याला बिलही लागत नाही. कराचं तुमच्या सीएला विचारा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, कंपन्या टीडीएस कापून पैसे देतील, तो रिटर्नमध्ये दाखवायचा. परदेशातून पैसा येणार असेल तर तो देणगी म्हणून घेण्याआधी थांबा. कामाचं बिल देऊन घेतलेली फी आणि परदेशी देणगी यांना कायदा वेगवेगळा आहे, आणि ती गाठ नंतर सोडवत बसण्यापेक्षा आधी विचारलेली बरी.

आता यवतमाळ. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला प्रश्न हा आहे, आणि तुम्ही तो शेवटी लिहिलात.

तुम्ही इश्यूची लिंक जोडली होती म्हणून मी तिचं काम पाहिलं. इतर वाचकांसाठी सांगते. कृतिदेवमध्ये 'विदर्भ' टाइप करायचं तर आधी वेलांटी, मग व, मग द, मग भ आणि अगदी शेवटी रफार. कागदावर डोळ्याला जसं दिसतं तसं, डावीकडून उजवीकडे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा : व, त्याची वेलांटी, द, मग र्, मग भ. म्हणजे प्रोग्रामला वेलांटी उचलून एक घर पुढे न्यावी लागते आणि रफार एक घर मागे. 'कार्तिक'मध्ये दोन्ही एकाच अक्षरावर येतात. एवढं तुम्ही २०१७ मध्येच सोडवलं होतं. पण 'वऱ्हाड'? तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आणि शोधताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. साप्ताहिकाच्या संग्रहात 'वऱ्हाड' शोधलं तर निम्मे लेख सापडतच नव्हते. वऱ्हाडातल्याच साप्ताहिकात! हे त्या मुलीच्या लक्षात आलं, तिने 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'दऱ्या' असे शब्द हाताने गोळा करून चाचण्या लिहिल्या आणि दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारी दुरुस्ती केली. कोडच्या ओळी मोजाल तर चाळीस भरतील. त्या चाळीस ओळींनी किती लेख अंधारातून बाहेर आले!

म्हणून वाटणी ओळींवर करू नका, कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलांच्या, संख्येवरही नको. तासांवर करा. आणि तासाचा दर तुम्हा दोघांचा एकच. तुम्ही मिहानमध्ये आणि ती यवतमाळात, तुम्ही अनुभवी आणि ती विद्यार्थिनी, म्हणून तिचा तास स्वस्त, असं करायचं नाही. जे तुमच्याशी कंपन्यांनी केलं तेच तुम्ही तिच्याशी कराल. इश्यू वाचून उत्तर देणं, दस्तऐवज लिहिणं, शब्द गोळा करणं, सगळं काम धरा. रिपॉझिटरीतच एक साधी हिशेबाची फाइल ठेवा : कोणाकडून किती आले, कोणाचे किती तास, कोणाला किती गेले. कोणालाही वाचता येईल अशी. आणि पैसे अपुरे आले, पहिल्या वर्षी येतीलच, तर आधी तिचे तास चुकते करा. तुमच्या घरी पगार येतो. तिच्याकडे एमसीएची फी आहे.

तिला रिलीजचे, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचे, हक्कही द्या. तुम्ही आठ दिवस तापाने पडलात तर आज ही लायब्ररी बंद असते. इथे तुमच्या मनात एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण येईल, यायलाच हवं. तिथे एकट्याने राबणाऱ्या, थकलेल्या मेंटेनरवर अनोळखी नावांनी दबाव आणला गेला की दुसऱ्याकडे सूत्रं द्या. जवळपास दोन वर्षं गोड वागून विश्वास कमावलेल्या 'जिया टॅन' नावाच्या कोणी तरी २०२४ मध्ये त्यात चोरदार बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय याचा संशय आला नसता, तर ते जगभर पसरलं असतं. त्यातून घाबरून 'कोणालाच किल्ली नको' असं ठरवाल, तर पुन्हा एकटे पडाल, आणि एकटा पडलेला, झोप नसलेला माणूस हाच त्या दाराचा कच्चा खिळा होता. प्रत्येक रिलीज दोघांनी पाहिल्याशिवाय जायचं नाही, हा नियम करा, तो तुम्हालाही लागू. आणि हे प्रकरण कराराच्या मेलमध्ये दोन वाक्यांत कंपन्यांना जरूर सांगा. त्यांच्या सिक्युरिटीवाल्यांना ते चांगलं ठाऊक आहे, आणि खरेदी खात्यात त्यांचा शब्द तुमच्यापेक्षा जड पडतो.

तिला कसं सांगायचं, विचारलंत. मेसेज करू नका, फोन करा. त्याआधी इश्यू आणि पुल रिक्वेस्ट चाळून तिच्या दोन वर्षांच्या तासांचा तुमचा अंदाज कागदावर लिहून ठेवा. तिला तिचा आकडा विचारा. तुमच्यापेक्षा ती कमीच सांगेल, तेव्हा तुमचा धरा. पैसे अजून आलेले नाहीत हे स्पष्ट सांगा, कधी येतील ते माहीत नाही हेही सांगा, आणि हिशेबाच्या फाइलमध्ये पहिली ओळ तिच्या नावाची घाला, येणे बाकी म्हणून. करारातून पहिला हप्ता येईल त्या दिवशी ती ओळ आधी खोडायची. एक्सझेडच्या नावाने तिला जे नियम लावाल ते प्रत्यक्ष भेटून सांगा. यवतमाळहून नागपूरची एसटी तीन-चार तासांत येते, तिला घरी जेवायला बोलवा. तुमच्या बायकोलाही कळू दे की रात्री ११ ते १ तुमच्याबरोबर जागणारं आणखी कोण होतं.